तर्काच्या टोकापर्यंत गेलेले मौलाना

औरंगाबादने उर्दूला वली आणि सिराज असे दोन मोठे कवी दिले, हे मराठवाड्यातला जाणता माणूस अभिमानाने सांगतो. याच शहरात २५ सप्टेंबर १९०३ रोजी जन्मलेल्या आणखी एका माणसाचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. विसाव्या शतकातील इस्लामी राजकीय विचारावर त्याच्याइतका ठसा फार थोड्यांनी उमटवला. इजिप्तच्या तुरुंगात बसून लिहिणाऱ्या सय्यद कुत्ब यांनी त्याच्याकडून मूळ संकल्पना घेतल्या, आणि पाकिस्तानच्या राज्यघटनेवरील वाद त्याचे नाव घेतल्याशिवाय समजत नाहीत. हे नाव म्हणजे सय्यद अबुल आला मौदुदी. मराठी वाचकाला ते ठाऊक असते ते बहुधा हमीद दलवाई यांच्या लेखनामुळे किंवा जमाते इस्लामीविषयीच्या बातम्यांमुळे. म्हणजे एका वादातील पक्षकार म्हणून.

मला या चरित्राचे कुतूहल वाटते ते थोड्या वेगळ्या कारणाने. आपल्या विचारांचे निष्कर्ष गैरसोयीचे ठरू लागले की बहुतेक विचारवंत वाटेत कुठेतरी थांबतात. मौदुदी सहसा थांबत नसत. त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली आणि इतरांनाही मोजायला लावली. या दुसऱ्या किमतीचा हिशेब थेट त्यांच्या जन्मगावापर्यंत येऊन पोचतो, आणि म्हणून तो आपणही मांडला पाहिजे.

घराणे मूळ दिल्लीकडचे आणि चिश्ती सूफी परंपरेतले. आईचे वडील कुर्बान अली बेग सालिक हे कवी आणि गालिबचे शिष्य. वडील अहमद हसन यांना सर सय्यद अहमद यांच्या अलीगढच्या कॉलेजात घातले होते. पण मुलगा साहेबी कपडे घालून क्रिकेट खेळतो हे कळताच आजोबांनी त्यांना तिथून काढून घेतले. पुढे अहमद हसन वकील झाले आणि निजामाच्या राज्यात औरंगाबादला येऊन वकिली करू लागले. काही वर्षांतच त्यांना वैराग्य आले. मनाला पटेल तेवढाच खटला घ्यायचा, बाकीचा वेळ जपतपात घालवायचा असा क्रम सुरू झाला. अर्थातच मिळकत आटली. धाकट्या अबुल आलाला त्यांनी बराच काळ घरीच अरबी, फारसी आणि उर्दू शिकवले; इंग्रजीची सावली पडू दिली नाही. अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलगा औरंगाबादच्या मदरसा फौकानियात दाखल झाला. तिथे धर्मशिक्षणाबरोबर विज्ञान आणि गणितही शिकवले जाई.

औरंगाबादपासून काही कोसांवर खुलदाबाद आहे. चिश्ती संतांचे दर्गे तिथे दाटीने उभे आहेत आणि सर्व जातिधर्मांची माणसे तिथे नवस बोलतात. चिश्ती वंशातल्या या मुलाने मोठेपणी दर्ग्यांची ही भक्ती इस्लामविरोधी ठरवून झिडकारली. देवाकडे जायला मध्यस्थ नको, हे त्याचे ठाम मत. घराण्यातला सूफी ओलावा त्याच्यापर्यंत पोचला तो फक्त वडिलांच्या करड्या शिस्तीच्या रूपाने, असे मला वाटते.

शिक्षण पुरे व्हायच्या आतच वडील आजारी पडले आणि १९२०च्या सुमारास वारले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाला पोटापाण्याचे पाहावे लागले. त्याने वर्तमानपत्राची वाट धरली. बिजनोरचे मदिना, जबलपूरचे ताज, नंतर दिल्लीत जमियत-उल-उलेमाची मुस्लिम आणि अल-जमियत ही पत्रे, असा हा प्रवास. ही गोष्ट मी महत्त्वाची मानतो. मौदुदी मशिदीतून आले नाहीत, छापखान्यातून आले. दिल्लीत त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने इंग्रजी शिकून युरोपचे तत्त्वज्ञान आणि इतिहास वाचला. फतेहपुरी मशिदीतील विद्वानांकडून १९२६मध्ये रीतसर आलिम असल्याचे प्रमाणपत्रही मिळवले. पण ते त्यांनी आयुष्यभर कोणाला दाखवले नाही. उलेमांनी त्यांना अर्धशिक्षित म्हणून हिणवले तेव्हाही नाही. आपला अधिकार सनदेवर नव्हे, युक्तिवादावर उभा राहावा असा हा हट्ट होता.

तरुण मौदुदी खिलाफत चळवळीत होते आणि काँग्रेसकडेही त्यांचा ओढा होता. कोवळ्या वयात त्यांनी गांधीजींचे चरित्र लिहायला घेतले होते. मग दोन घटना घडल्या. १९२४ साली तुर्कस्तानात केमाल पाशाने खिलाफतच बरखास्त केली. ज्या संस्थेसाठी हिंदुस्थानातले मुसलमान तुरुंगात गेले, ती तुर्कांनीच मोडीत काढली. आणि २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत अब्दुल रशीद नावाच्या इसमाने स्वामी श्रद्धानंदांचा खून केला. इस्लाम हा तलवारीचाच धर्म आहे, अशी टीका देशभर उसळली. त्या टीकेला उत्तर म्हणून मौदुदींनी अल-जमियतमध्ये लेखमाला सुरू केली. तिचेच पुढे अल-जिहाद फिल-इस्लाम हे पुस्तक झाले. तेविशी-चोविशीतल्या संपादकाचे हे पुस्तक इकबालांनाही आवडले. त्यात बचावाचा सूर नव्हता. इस्लामचे युद्धाचे नियम पाश्चात्त्य राष्ट्रांच्या नियमांपेक्षा सरस आहेत असे ते ठासून सांगत होते.

१९२८मध्ये ते दिल्लीचे पत्र सोडून हैदराबादला परतले. बलाढ्य वाटणारी मुसलमानी सत्ता आतून कशी पोकळ झाली आहे, हे त्यांना निजामाच्या राज्यात रोज दिसत होते. प्रजा बहुसंख्येने हिंदू, मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारी. वर दरबार उर्दूचा. सरदारवर्ग ऐषआरामात आणि धर्म समारंभापुरता. मौदुदींनी काढलेले निदान असे, की मुसलमानांनी सत्ता गमावली ती इस्लाम गमावल्यामुळे, आणि उरलेलीही तशीच जाणार. १९४८च्या सप्टेंबरात निजामी कोसळली तेव्हा या निदानाचा निम्मा भाग तरी खरा ठरला. १९३३मध्ये त्यांनी तर्जुमान-उल-कुरआन हे मासिक हाती घेतले, आणि ते पुढे मरेपर्यंत चालवले.

त्यांचा विचार थोडक्यात सांगायचा तर असा. कुराणात चार शब्द पायाभूत आहेत : इलाह, रब, इबादत आणि दीन. सामान्य मुसलमान त्यांचा अर्थ देव, पालनकर्ता, उपासना आणि धर्म असा लावतो. मौदुदींच्या मते हा अर्थ फारच अपुरा आहे. इलाह म्हणजे सार्वभौम सत्ताधीश; इबादत म्हणजे त्याच्या कायद्याचे पालन; दीन म्हणजे घर, बाजार, न्यायालय आणि संसद या सर्वांना व्यापणारी व्यवस्था. हे एकदा मान्य केले की पुढचे निष्कर्ष आपोआप येतात. सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे असेल, तर कायदे करण्याचा मूलभूत अधिकार राजाला नाही, हुकूमशहाला नाही आणि जनतेलाही नाही. माणसाने स्वतंत्रपणे केलेला कायदा शिरोधार्य मानणे ही जवळपास मूर्तिपूजाच. राज्यकारभार सल्लामसलतीने चालावा, प्रमुख निवडलेला असावा हे त्यांना मान्य होते. मात्र सारे शरीयतीच्या चौकटीत. १९६६मध्ये त्यांनी खिलाफत आणि राजेशाही यांवर पुस्तक लिहिले. खिलाफतीची बादशाही कशी झाली याची त्यात चिकित्सा होती, आणि तिसरे खलिफा उस्मान यांच्या काही निर्णयांवरही टीका होती. उलेमांनी एकच गहजब केला.

या विचाराची घडण पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मौदुदी पश्चिमेचे कडवे विरोधक होते. पण व्यवस्था, विचारप्रणाली, क्रांती हे त्यांचे आवडते शब्द विसाव्या शतकातल्या युरोपचे होते. इस्लाम हा साम्यवाद आणि भांडवलशाही यांच्या तोडीस तोड असा एक परिपूर्ण आराखडा आहे, ही मांडणी जुन्या उलेमांना सुचली नसती. ती वर्तमानपत्र वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसालाच सुचू शकते. कारकून, शिक्षक, इंजिनिअर, विद्यार्थी अशा नव्या शिकलेल्या मुसलमानाला ती भावली याचेही कारण हेच. त्यांची उर्दू स्वच्छ, ठाशीव आणि मुद्द्याला धरून असे.

१९३७च्या निवडणुकांनंतर प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि हिंदी राष्ट्रवादाचा प्रश्न ऐरणीवर आला. देवबंदचे हुसेन अहमद मदनी हे हिंदू-मुसलमानांचे राष्ट्र एकच आहे असे मांडत होते. मौदुदींनी त्यांच्यावर झणझणीत टीका केली. मुस्लिम लीगला त्यामुळे आनंद झाला. पण तो फार टिकला नाही. राष्ट्रवाद ही कल्पनाच इस्लामविरोधी असेल, तर मुसलमानांचा राष्ट्रवाद तरी इस्लामी कसा? मौदुदींनी लीगलाही त्याच मापाने मोजले. जीना आणि त्यांचे सहकारी यांच्या आचारविचारात इस्लामचा मागमूस नाही, आणि अशांनी स्थापलेले राज्य नावापुरते मुसलमानांचे असेल, असे त्यांनी लिहिले. लाट लीगची होती. तिच्या उलट दिशेने पोहायला हिंमत लागत होती.

इकबालांच्या प्रोत्साहनाने ते १९३८मध्ये पंजाबात पठाणकोटजवळ दारुल इस्लाम या संस्थेसाठी गेले. पण महिनाभरातच इकबाल निवर्तले. २६ ऑगस्ट १९४१ रोजी लाहोरला पंचाहत्तर माणसांनी जमाते इस्लामीची स्थापना केली आणि मौदुदींना अमीर निवडले. लीगसारखी गर्दी जमवण्याचा हा प्रकार नव्हता. पारखून घेतलेले थोडे सभासद, कडक शिस्त, भोवती हितचिंतकांची वर्तुळे अशी रचना होती. ती पाहून अभ्यासकांना साम्यवादी पक्षाची आठवण होते. वर्षभरातच मंजूर नोमानींसारखे ज्येष्ठ उलेमा बाहेर पडले. मतभेद नेतृत्वाचे होते, तसे अमीरांच्या दाढीच्या लांबीचेही होते.

फाळणी झाली. पठाणकोट भारतात राहिले आणि ऑगस्ट १९४७च्या अखेरीस मौदुदी ट्रकमधून लाहोरला गेले. त्याच पाकिस्तानात, ज्याच्या मागणीला त्यांनी पाठिंबा दिला नव्हता. तिथे त्यांनी इस्लामी राज्यघटनेची मागणी सुरू केली. पण पहिली ठिणगी पडली ती काश्मीरवरून. पाकिस्तान सरकार भारताशी करार करते, राजनैतिक संबंध ठेवते आणि मागच्या दाराने लढवय्ये पाठवते. अशा स्थितीत त्या लढाईला जिहाद म्हणता येणार नाही, युद्ध करायचे तर सरकारने ते उघडपणे पुकारावे, असे मत त्यांनी १९४८मध्ये दिले. युद्धज्वर चढलेल्या देशात हे बोलणे राजद्रोहासारखेच होते. ऑक्टोबर १९४८मध्ये ते गजाआड गेले आणि १९५०मध्ये सुटले. मधल्या काळात, मार्च १९४९मध्ये, पाकिस्तानच्या घटनासमितीने उद्दिष्टांचा ठराव संमत केला. सार्वभौमत्व ईश्वराचे आहे हे त्यात मान्य केले होते. ज्याच्या आग्रहाचा त्यात मोठा वाटा, तो माणूस सरकारच्याच तुरुंगात होता.

१९५३ साली पंजाबात अहमदिया पंथाविरुद्ध आंदोलन पेटले. या पंथाला मुसलमानेतर ठरवा आणि परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांना काढा, या मागण्या होत्या. रस्त्यावरच्या दंगलीपासून मौदुदी अंतर राखून होते. पण मागणी त्यांना मान्य होती आणि कादियानी मसला ही पुस्तिका त्यांनी लिहिली. लाहोरात लष्करी कायदा लागू झाला. लष्करी न्यायालयाने ११ मे रोजी त्यांना फाशीची शिक्षा सुनावली. दयेचा अर्ज करायला त्यांनी नकार दिला. मृत्यूचा निर्णय वर होतो, खाली होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. देशात आणि परदेशात निषेध उठला. दोनच दिवसांत शिक्षा चौदा वर्षांच्या कैदेवर आली आणि १९५५मध्ये त्यांची सुटकाही झाली. त्यांच्या विरोधकांनाही या प्रसंगी त्यांच्या धैर्याला दाद द्यावी लागली. मीही ती देतो.

पण त्याच दंगलींच्या चौकशीत आणखी एक प्रसंग घडला. न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांच्या चौकशी न्यायालयाने मोठमोठ्या उलेमांना बोलावून मुसलमान कोण याची व्याख्या विचारली. दोघांची व्याख्या एक निघाली नाही. मग प्रश्न आला तो इस्लामी राज्यातल्या बिगरमुसलमानांचा. त्यांना राज्य चालवण्यात बरोबरीचा वाटा नसेल, असे मौदुदींचे म्हणणे होते. यावर न्यायालयाने सरळ विचारले : उद्या भारताने हाच न्याय लावला, हिंदू राज्य स्थापून तिथल्या मुसलमानांना मनूच्या कायद्याने शूद्र आणि म्लेंच्छ म्हणून वागवले, तर तुमची हरकत असेल काय? हरकत नसेल, असे उत्तर मौदुदींनी दिले. राज्यकारभारातला वाटा आणि नागरिकत्वाचे हक्क गेले तरी हरकत नाही. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात हे सारे छापलेले आहे.

त्या वेळी भारतात सुमारे साडेतीन कोटी मुसलमान होते. त्यात औरंगाबादचे होते. मौदुदी ज्या मदरशात शिकले तिथल्या सहाध्यायांची घरे त्यात होती. पोलीस कारवाईच्या वेळच्या हिंसाचारातून मराठवाड्यातला मुसलमान तेव्हा नुकता सावरत होता, आणि नव्या राज्यघटनेने दिलेले समान नागरिकत्व हाच त्याचा आधार होता. तो आधार काढून घेण्यास त्याच मातीतल्या मौलानाने लाहोरच्या साक्षीत संमती देऊन टाकली.

हे उत्तर बेसावधपणे दिलेले होते असे मला वाटत नाही. ते कठोर प्रामाणिकपणाचे उत्तर होते. आमच्याकडे आम्ही धर्मराज्य करू, तुम्ही मात्र सर्वांना समान वागवा, अशी सोयीची दुटप्पी मागणी करणारे पुष्कळ असतात, आणि ते सर्व धर्मांत असतात. मौदुदींनी ती केली नाही. पण सुसंगती हा विचाराचा गुण आहे. माणसांच्या बाबतीत तो पुरेसा नाही. एखाद्या तर्कातून कोट्यवधी निरपराधांचे हक्क जात असतील, तर तर्क बरोबर चालला म्हणून समाधान मानायचे, की ज्या गृहीतकावर तो उभा आहे ते तपासायचे? इथे माझा आणि मौदुदींचा रस्ता वेगळा होतो. राज्य कोणत्याही एका धर्माचे केले की कोणाला तरी दुय्यम ठरवावेच लागते. हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यात काही चूक आहे असे वाटत नव्हते.

विशेष म्हणजे व्यवहारात त्यांनाही वाकावे लागले. १९५७मध्ये निवडणुकीच्या राजकारणात उतरावे की नाही यावरून जमातेत फूट पडली आणि अमीन अहसन इस्लाही यांच्यासारखे जुने सहकारी गेले. १९६४मध्ये अयूब खान यांनी जमातेवर बंदी घातली; सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. म्हणजे मदतीला आला तो इंग्रजी वळणाचा कायदाच. स्त्रीने राज्यप्रमुख होणे इस्लामला मान्य नाही असे लिहिणाऱ्या मौदुदींनी जानेवारी १९६५च्या अध्यक्षीय निवडणुकीत अयूब खान यांच्याविरुद्ध फातिमा जीना यांना पाठिंबा दिला. आणि १९७०मध्ये, पाकिस्तानच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, जमातेला राष्ट्रीय असेंब्लीच्या तीनशे जागांपैकी चार मिळाल्या. मुसलमान मतदाराने भुट्टो आणि मुजीब यांना निवडले. पुढच्याच वर्षी पूर्व बंगालात जमाते लष्कराच्या बाजूने उभी राहिली, आणि धर्म हे राष्ट्र बांधायला पुरेसे असते ही कल्पना बंगाली मुसलमानांनी खोटी ठरवली.

मौदुदींना सर्वांत मर्मभेदी उत्तर मिळाले ते त्यांच्याच माणसांकडून. जमातेत पंधरा वर्षे काढलेल्या वहिदुद्दीन खान यांनी १९६३मध्ये पुस्तक लिहून सांगितले, की या विचारात धर्माचा केंद्रबिंदूच सरकला आहे. माणसाचे ईश्वराशी नाते हे मूळ, राज्य ही परिस्थितीने येणारी गोष्ट. स्थापनेच्या वेळी सोबत असलेल्या लखनौच्या अबुल हसन अली नदवी यांनीही पुढे तोच आक्षेप घेतला. भारतात उरलेल्या जमातेचे १९४८मध्ये वेगळे संघटन झाले. तिचा प्रवास तर फार बोलका आहे. सभासदांना मतदान वर्ज्य मानणारी ही संघटना कालांतराने मतदानाला तयार झाली आणि लोकशाही व धर्मनिरपेक्षता वाचवण्याची भाषा बोलू लागली. १९९२च्या डिसेंबरात तिच्यावर बंदी आली, तेव्हा ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९४मध्ये बंदी रद्द झाली. अल्पसंख्य म्हणून जगताना जे कळते, ते ग्रंथातून कळत नाही.

१९७२मध्ये त्यांनी अमीरपद सोडले. त्याच वर्षी तफहीम-उल-कुरआन हे सहा खंडांचे भाष्य पुरे झाले. १९४२मध्ये सुरू केलेले काम तीस वर्षे चालले, त्यातला काही भाग तुरुंगात. मला हे त्यांचे खरे टिकाऊ काम वाटते. राजकारण न पटणारी घरेही ते वाचतात. १९७४मध्ये भुट्टोंच्या काळात अहमदियांना घटनेनेच मुसलमानेतर ठरवले. १९७७मध्ये जनरल झिया आले आणि दोन वर्षांत शरीयतीच्या नावाने शिक्षांचे कायदे लागू झाले. जनतेने मतपेटीतून जे दिले नाही, ते लष्करशहाने फर्मानाने दिले. उपचारांसाठी डॉक्टर मुलाकडे अमेरिकेत गेलेले मौदुदी २२ सप्टेंबर १९७९ रोजी बफेलो येथे वारले. शहात्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. लाहोरात प्रचंड जनसमुदायाने त्यांना निरोप दिला.

औरंगाबादचे नाव २०२३मध्ये बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. नावावरून दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. त्या गदारोळात या शहराच्या मौलानाची आठवण कोणाला झाली नाही, पण त्यांनी उभा केलेला प्रश्न मात्र तिथेच होता : या भूमीवर राहणाऱ्या माणसाचा हक्क त्याच्या धर्माने ठरायचा की नागरिकत्वाने? मौदुदींनी १९५४च्या त्या अहवालात आपले उत्तर नोंदवून ठेवले आहे. उलट्या बाजूने तेच उत्तर देणारे आज आपल्याकडेही आहेत, आणि ते स्वतःला मौदुदींचे शत्रू समजतात. त्यांनी मौदुदी एकदा नीट वाचावेत. आपल्या विचाराचा शेवट कुठे होतो, हे त्यांना इतके स्वच्छ दुसरे कोणी सांगणार नाही.